मधोमध हैमा

कुणी विचारलं, सलाला ते मस्कत किती लांब,
तर मी आधी विचारते,
कुणाला?

विमानाला दीड तास.
खिडकी मिळाली तर खाली वाळू दिसते
भाजणीसारखी, खमंग परतलेली,
आणि पाण्याचा पेला संपेतो
उतरायची घोषणा.
पण ते तिकीट म्हणजे मिरजेच्या फ्लॅटचा अर्धा हप्ता.

बसला बारा तास, नमाजाचे थांबे धरून.
शमुवेलला मस्कतहून सहा,
मला सलालाहून साडेपाच,
कारण आम्ही दोघंही अर्ध्यावरच उतरायचो.
आणि ह्या उरलेल्या अर्ध्या तासावरून
चार वर्षं भांडलो.

हैमा त्या अर्ध्याचं नाव.
पेट्रोल पंप, टायरवाला, मलबाऱ्याचं हॉटेल,
एक विश्रामगृह, ज्याच्या पाटीतलं एक अक्षर
कधीच पेटत नाही.
बाकी सपाट.
इतकं, की येणारा माणूस आधी ठिपका असतो,
मग शर्ट,
मग चाल,
मग नवरा.

"पन्नास किलोमीटर जास्त येतो मी," शमुवेल म्हणायचा.
लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस,
मजला आणि केबिन यांत बोटभर फरक राहिला
तरी त्याला रात्री झोप नाही.
मी म्हणायची, माझ्या वाटेत घाट आहे.
खरीफात धुकं असं दाटतं
की बडबड्या ड्रायव्हरसुद्धा गप्प होतो,
आणि उंट रस्त्यात उभे,
सही न करणाऱ्या साहेबासारखे.
घाटातले किलोमीटर दुप्पट धरायचे.
"कुठल्या नियमाने?"
मिरजेच्या.

वॉर्डात माझं माप वेगळं होतं.
मुसल्लमचाचाला मशीनला लावलं की चार तास.
नळीतून रक्त बाहेर जायचं,
धुऊन निघायचं, परत यायचं,
चाचा मात्र खाटेवरून इंचभर हलायचा नाही.
त्या हिशेबानं सलाला-मस्कत म्हणजे तीन डायलिसिस.
त्याला सांगितलं तर हसला.
"सिस्टर, मग आठवड्याला एकदा
माझं रक्त तुझ्या नवऱ्याला भेटून येतं."
सुई काढताना मी त्या दिवशी
उगाच जरा जास्त वेळ बोट दाबून धरलं.

एकदा वावटळीनं शमुवेलची बस अडवली,
घाबाच्या पुढे कुठेतरी.
पहाटे पोचला, भुवया पांढऱ्या.
माझी परतीची बस सुटायला चाळीस मिनिटं.
आम्ही परोट्याला शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ली.
बोलायचं ठरवलेलं सगळं राहिलं.
त्यानं माझ्या पिशवीचा तुटलेला बंद
तारेनं बांधून दिला,
आणि हॉर्न वाजला.
सहा तास आला, चाळीस मिनिटं बसला, सहा तास गेला.
ती तार अजून आहे.

मग बदलीचा कागद आला.
आता मी मस्कतलाच.
रुवीच्या खोलीपासून हॉस्पिटल अकरा मिनिटं,
सिग्नल लागला तर चौदा.
मला रात्रपाळी, त्याला सकाळची.
मी वर जाते तेव्हा तो खाली येत असतो,
लिफ्टच्या दारात
किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जाते.
"भात झाकून ठेवलाय."
"दूध आण."
दार मिटतं. त्यानंच नीट केलेलं,
अजिबात आवाज न करता.

फ्रिजवर चिठ्ठी लावली परवा:
येत्या गुरुवारी हैमाला येतोस?
काल खाली त्याच्या बारक्या अक्षरात
उत्तर होतं:
इथून पाचशे चाळीस.
दोघांनाही सारखेच.

घ्या. भांडायलाही काही उरलं नाही.
मी दशम्यांची कणीक
दुधात भिजवायला घेतली.